याशिका इलेक्ट्रो ३५ : दिवे लागत नाहीत, फोटो पांढरेफटक येतात. आधी काय तपासायचं, कुठे थांबायचं

माझ्याकडे येणाऱ्या इलेक्ट्रोंची कहाणी बहुतेक वेळा एकच असते. कुणाचे तरी काका दुबईला किंवा मस्कतला होते, तिकडून त्यांनी हा जडशीळ, चकचकीत कॅमेरा आणला. लग्नं, मुंजी, अष्टविनायक सगळं त्याने टिपलं आणि मग चामड्याच्या केससकट तो माळ्यावर गेला. आता भाचीला फिल्मचं वेड लागलंय, कॅमेरा खाली उतरलाय आणि घरच्यांचा निकाल ठरलेला आहे: ‘बंद पडलाय.’

आजवर वीसेक इलेक्ट्रो हाताखालून गेले. त्यातले निम्म्याहून अधिक बंद नव्हतेच. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं बॅटरीच्या खणात होतं. स्क्रू-ड्रायव्हर लागला तो अगदी थोड्यांना. म्हणून खालचा क्रम कृपया मोडू नका. मी मोडला होता. पहिल्याच कॅमेऱ्याचं वरचं झाकण उघडून बसलो, आतली केसाएवढी वायर तोडली आणि नंतर कळलं की बॅटरीच उलटी घातली होती.

हे सगळं १९६६ चा मूळ इलेक्ट्रो ३५, त्यानंतरचे जी, जीएस, १९७३ चा जीएसएन आणि त्यांची काळी भावंडं जीटी, जीटीएन यांना लागू आहे. सगळ्यांना तीच ४५ मिमी, एफ/१.७ लेन्स. सीसी आणि जीएक्स हे लहान आकाराचे इलेक्ट्रो आतून वेगळे आहेत, त्यांना हे जसंच्या तसं लावू नका.

कॅमेरा करतो काय, एवढं आधी

तुम्ही ॲपर्चर, म्हणजे लेन्समधल्या भोकाचा आकार, निवडायचा (एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. पुढच्या छोट्या खिडकीमागे उजेड मोजणारा कॅडमियम सल्फाइडचा सेल आहे. बटण दाबलं की शटरची पाती उघडतात, विद्युतचुंबक ती उघडी धरून ठेवतो आणि पुरेसा उजेड आत गेला असं सर्किटला वाटलं की सोडून देतो. वेग ३० सेकंदांपासून १/५०० पर्यंत कुठलाही, मधल्या पायऱ्या नाहीत. बॅटरी नसेल तर चुंबक पाती धरतच नाही, ती उघडताक्षणी मिटतात. म्हणजे मेलेल्या बॅटरीवरही हा कॅमेरा चालतो, फक्त कायम १/५०० वर. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढची अर्धी तपासणी त्यावरच उभी आहे.

लक्षणं

– बटण दाबलं तरी एकही दिवा लागत नाही. शटरचा आवाज प्रत्येक वेळी तोच, छोटासा ‘क्लिक’.
– पिवळा किंवा लाल दिवा लागला की विझतच नाही, ॲपर्चर कितीही फिरवा.
– घरातले फोटो काळे, उन्हातले बरे. किंवा उलट: सगळा रोल धुतल्यासारखा पांढरा.
– शटर उघडं राहतं, ‘अडकलंय’ असं वाटतं.
– बटण खालीच जात नाही.
– बॅटरी नवी घातली की आठवड्याभरात संपते.
– फोकस मिळवला तरी फोटो पुसट.

शेवटचं लक्षण वेगळ्या दुखण्याचं आहे, त्याबद्दल शेवटी थोडं.

१. पैसे न लागणाऱ्या गोष्टी

लेन्सची कॅप काढली होती का? हसू नका. हा रेंजफाइंडर जातीचा कॅमेरा आहे: त्यात आपण लेन्समधून पाहत नाही, शेजारच्या स्वतंत्र खिडकीतून पाहतो. उजेड मोजणारा सेलही लेन्सच्या बाहेर आहे. त्यामुळे कॅप लावलेली असली तरी चित्र स्वच्छ दिसतं, दिवे बरोबर लागतात, शटर बरोबर वाजतं आणि छत्तीस फोटो कोरे येतात. माझ्याकडे ‘रिपेअर’साठी आलेल्या दोन कॅमेऱ्यांचा रोग एवढाच होता.

लेन्सवरची कडी ‘ऑटो’वर आहे का ते बघा. तिला आणखी दोन जागा आहेत: विजेची खूण, म्हणजे फ्लॅशसाठी ठरलेला १/३०, आणि बी (बटण दाबून धराल तोवर शटर उघडं). कॅमेरा बॅगेत कोंबताना कडी सरकते. भर दुपारी १/३० वर फोटो काढले तर ते पांढरे येणारच, त्यात सर्किटचा दोष नाही.

एएसएची, म्हणजे फिल्मच्या वेगाची, चकती रोलवरच्या आकड्याशी जुळते का? ४०० चा रोल आणि चकती मागच्या रोलच्या १०० वर, म्हणजे सगळे फोटो दोन स्टॉप जास्त उजळ (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, दोन म्हणजे चौपट).

बटण खाली जात नसेल तर आधी बटणाभोवतीची लॉकची कडी फिरवा, मग फिल्मचा लिव्हर शेवटपर्यंत ओढला आहे का ते बघा. अर्धवट ओढलेल्या लिव्हरवर बटण दाबून दाबून लोक आतलं काहीतरी वाकवतात.

आणि दिव्यांबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज. हे दिवे ‘सगळं ठीक आहे’ असं सांगत नाहीत, तक्रार असेल तेव्हाच बोलतात. पिवळा म्हणजे वेग १/३० पेक्षा कमी, हात हलेल. लाल म्हणजे १/५०० सुद्धा पुरत नाही, जास्त उजेड शिरेल. मधल्या सगळ्या पट्ट्यात दोन्ही दिवे गप्प असतात. व्हरांड्यात उभं राहून एफ/५.६ ला बटण दाबलं आणि काहीच लागलं नाही, तर बहुधा सगळं उत्तम चाललंय.

खरी परीक्षा अशी घ्या. सेलच्या खिडकीवर अंगठा ठेवा आणि बटण अर्धं दाबा: पिवळा लागला पाहिजे. मग ॲपर्चर एफ/१.७ करून कॅमेरा लख्ख आभाळाकडे धरा (सूर्याकडे नाही): लाल लागला पाहिजे. दोन्ही लागले तर पुढचा बराच भाग तुम्हाला वाचायची गरज नाही.

२. बॅटरी

मूळ बॅटरी पाऱ्याची, ५.६ व्होल्टची, नाव पीएक्स ३२. पाऱ्यामुळे ती बंद झाली. आज त्या जागी ६ व्होल्टची ४एलआर४४ चालते. ती २५ मिमी लांब आणि १३ मिमी जाड, म्हणजे मूळ बॅटरीपेक्षा आखूडही आणि बारीकही. बाजूला जाड कागदाची गुंडाळी आणि उरलेल्या लांबीत एखादी स्प्रिंग लागते. तयार अडॅप्टर मिळतो, पण मी बॉलपेनच्या रिफिलचं स्प्रिंग आणि जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा वापरून कित्येक वर्षं चालवतोय. ४एलआर४४ गावात मिळत नसेल तर घड्याळवाल्याकडून एलआर४४ चे चार सेल घ्या, एकावर एक रचा, कागदात घट्ट गुंडाळा: १.५ गुणिले ४, झाले ६. या ०.४ व्होल्टच्या फरकाने फोटो बिघडल्याचं मी पाहिलेलं नाही.

स्प्रिंगच्या जागी ॲल्युमिनियम फॉइलचे गोळे कोंबायचा सल्ला बरेच जण देतात. चालतं. पण फॉइल दबत जातं आणि महिन्याभराने संपर्क सुटतो, मग कॅमेरा ‘कधी चालतो, कधी नाही’. हा अधूनमधून होणारा बिघाड शोधणं सगळ्यात वैतागवाणं असतं. स्प्रिंगच घाला.

दिशा खणावरच्या खुणेप्रमाणे. मग मागचं छोटं बटण दाबा. हिरवा दिवा लागला पाहिजे. जीएसएनमध्ये तो वर, फोटोंचा आकडा दाखवणाऱ्या खिडकीतून उजळतो. दिवा मंद असेल तर बॅटरी कमजोर किंवा संपर्क खराब. मल्टिमीटर असेल तर बॅटरी मोजा, पण नुसते ६ व्होल्ट दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. म्हातारी बॅटरी रिकामी बसलेली असताना ६ दाखवते आणि काम पडलं की मान टाकते. दिव्याचा तेज हीच खरी साक्ष.

३. बॅटरीचा खण

हिरवा दिवा लागला नाही तर खणात टॉर्च मारा. तळाच्या पत्र्यावर हिरवी-पांढरी बुरशीसारखी भर दिसली तर गुन्हेगार सापडला. माळ्यावर गेलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांत शेवटची बॅटरी तशीच राहून गेलेली असते. ती गळते, आणि कोकणातल्या चार पावसाळ्यांची दमट हवा उरलेलं काम करते.

जुनी पाऱ्याची बॅटरी सापडली तर हातमोजे घाला, ती पिशवीत बांधून ई-कचऱ्यात द्या. घरच्या कचऱ्यात टाकू नका, पोरांच्या हाती लागू देऊ नका.

गळलेला पदार्थ अल्कलीधर्मी असतो, म्हणून त्यावर आंबट चालतं. कानकाडी व्हिनेगरमध्ये बुडवा, निथळा, नुसती ओलसर ठेवा आणि पत्रा घासा. लिंबाचा रसही चालतो, पण नंतर चिकटपणा राहतो. मग दुसऱ्या कानकाडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग कोरडी. हट्टी थर असेल तर पेन्सिलीच्या टोकाचं खोडरबर. झाकणाचे आटेही घासा. वीज त्यांच्यातूनच जाते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. झाकणाला तेल लावू नका.

इथपर्यंत येऊन माझ्याकडचे किती कॅमेरे जिवंत झाले ते मोजलेलं नाही, पण सगळ्यात जास्त इथेच झाले.

पत्रा चकचकीत करूनही दिवा नाही? मग ते गळलेलं विष वायरीत चढलं असण्याची शक्यता आहे. तळाचं झाकण काढणं अवघड नाही, थोडेच स्क्रू आहेत. फक्त नेमक्या मापाचा, चांगल्या पोलादाचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या. खणाकडून निघणारी वायर बघा. वेष्टणाच्या आत तांबं काळं-हिरवं झालं असेल तर ती वरून धडधाकट दिसते, पण वीज जात नाही. मल्टिमीटर ‘बीप’च्या (कंटिन्युइटी) खुणेवर ठेवा, एक सुई पत्र्यावर, दुसरी वायरीच्या टोकावर. आवाज आला नाही तर वायर बदलायची. डाग देण्याची (सोल्डरिंगची) सवय असेल तर दहा मिनिटांचं काम. सवय नसेल तर हा कॅमेरा शिकायची जागा नाही; रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कुणालाही ‘एवढी एक वायर’ सांगितलं तर तो करून देतो.

४. कानाने करायच्या तपासण्या

हा भाग मला सगळ्यात आवडतो. फिल्म काढलेली असू द्या.

पहिली. बॅटरी घालून सेलच्या खिडकीवर अंगठा दाबून धरा आणि बटण पूर्ण दाबा. ‘कट्’... थांबा... ‘कट्’ असे दोन सुटे आवाज यायला हवेत. मधलं अंतर सेकंदभर असेल, कधी बरंच जास्त. आता अंगठा काढून उजेडात दाबा: दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून एकच येईल. फरक पडतोय म्हणजे सेल, सर्किट, चुंबक तिन्ही जागे आहेत. ‘शटर अडकलंय’ म्हणून आलेले कॅमेरे बऱ्याचदा अंधाऱ्या खोलीत तपासलेले असतात. तिथे हा कॅमेरा ३० सेकंद उघडा राहू शकतो, तो त्याचा धर्मच आहे.

दोन्ही वेळा एकच छोटा आवाज? मग चुंबकापर्यंत वीज पोचत नाही. पुन्हा २ आणि ३ कडे जा.

दुसरी, अधिक महत्त्वाची. बटण दाबून शटर उडवा, कॅमेरा कानाशी धरा आणि लिव्हर सावकाश ओढा. वाटेत कुठेतरी आतून जडसा ‘टक्’ आला पाहिजे. दात्यांची करकर वेगळी, हा टक् वेगळा. एकदा धडधाकट इलेक्ट्रोचा ऐकलात की विसरणार नाही.

टक् आला नाही तर आतला रबराचा तुकडा गेला. जगभरचे इलेक्ट्रोवाले इंग्रजीत त्याला मरणाचा तुकडा अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, इतका तो नेहमीचा आहे. बटणाच्या खाली उभी सळई असते, बटण दाबलं की ती खाली येते आणि आतले विजेचे संपर्क एका क्रमाने जुळतात-सुटतात: आधी दिवे, मग शटर. लिव्हर ओढला की सळई जागेवर परत येते, तोच टक्. तिला अडवणारा, नेमकी जागा देणारा हा छोटासा रबर पन्नास वर्षांत डांबरासारखा मऊ होतो नाहीतर भुगा होऊन गळतो. तेवढ्या जाडीने सळईची जागा चुकते आणि संपर्कांचा क्रम बिघडतो. मग दिवा लागून राहतो, बॅटरी आठवड्यात उतरते, वेग भलतेच येतात. हा वयाचा दोष आहे. त्या काळातलं कुठलंच रबर आज शहाणं राहिलेलं नाही. मागच्या झाकणाच्या खाचेतल्या स्पंजला बोट लावून बघा, काळं होईल. (तो स्पंज मात्र घरी बदलता येतो: अल्कोहोलने खरवडून काढा आणि काळी लोकर चिकटवा. फोटोत कडेने नारिंगी पट्टे येत असतील तर ते तिथूनच.)

५. उजेड मोजणारा सेल थकलाय का?

टक् येतो, दिवे लागतात, तरी फोटो सतत गडद किंवा सतत फिके? इलेक्ट्रो शटरचा वेग कधीच दाखवत नाही, मग तपासायचं कसं? दिव्यांच्या सीमारेषा वापरून.

एएसए १०० लावा. सकाळी दहा-अकराला, ढग नसताना, उन्हात नीट उजळलेल्या जमिनीकडे कॅमेरा धरा. एफ/५.६ ला लाल लागला पाहिजे, एफ/११ ला विझलेला असला पाहिजे, एफ/८ ही सीमा. संध्याकाळी घरात: फोनवरच्या उजेड मोजणाऱ्या ॲपला एएसए १०० आणि १/३० सांगा, तो जे ॲपर्चर देईल त्याच्या आसपासच पिवळा लागू-विझू लागला पाहिजे. एका स्टॉपचा फरक असेल तर एएसएची चकती तेवढी सरकवून मोकळे व्हा. दोन स्टॉपपेक्षा जास्त फरक असेल, किंवा उन्हात बरोबर आणि सावलीत चूक असेल, तर सेल किंवा सर्किट. ते घरचं काम नाही.

इथे आपल्याकडची एक गोष्ट. ४०० चा रोल घालून मेमधल्या दुपारी एफ/४ वर फोटो काढले तर १/५०० च्या पलीकडे कॅमेऱ्याकडे वेग नाही. लाल दिवा ओरडत असतो, पण शटर अडत नाही. ‘सगळा रोल पांढरा’ या तक्रारीमागे बिघडलेल्या सेलपेक्षा हे कारण जास्त वेळा निघतं. भर उन्हात ४०० ला एफ/१६, त्याखाली जायचं नाही.

फोकस पुसट येत असेल तर

लेन्स अनंतावर फिरवा आणि अतिशय दूरची उभी, बारीक वस्तू बघा. मी पर्वतीवरून सिंहगडावरचा मनोरा धरतो; पाऊस धुऊन गेलेल्या हवेत तो रेघेसारखा दिसतो. व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावायच्या खिडकीच्या) मधोमध दिसणाऱ्या ठिपक्यात त्याच्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. डावी-उजवीकडे फरक असेल तर अंतर चुकतंय, वर-खाली असेल तर नुसतं दिसायला त्रास, फोटो बिघडत नाही. दुरुस्तीसाठी वरचं झाकण काढावं लागतं. ठिपका फिकट पडला असेल तर पुढच्या व्ह्यूफाइंडरच्या काचेवर, मधोमध, काळ्या टेपचा अगदी छोटा चौकोन चिकटवून बघा. ठिपका उठून दिसतो. झाकण उघडलंच तर आतल्या अर्ध्या आरशाला कापूस लावू नका. त्याचा मुलामा धुळीबरोबर निघून येतो आणि मग रेंजफाइंडर गेला.

इथे थांबा

टक् नाही: थांबा. त्या रबरापर्यंत नीट पोचायचं तर लेन्ससकट पुढचा भाग सोडवावा लागतो, मागे वायरींचा झुपका असतो आणि नव्या तुकड्याची जाडी चुकली तर क्रम पुन्हा चुकतो. मी स्वतः आता हे करतो, पण त्याआधी दोन कॅमेऱ्यांचा बळी गेलाय. काकांच्या कॅमेऱ्यावर शिकू नका. शिकायचंच तर बाजारात ‘फक्त सुट्या भागांसाठी’ म्हणून मिळणारा घ्या.

पाती तेलकट दिसत असतील, उघडायला आळस करत असतील: थांबा. पुढून लायटरचं पेट्रोल ओतायचा सल्ला ऐकू नका. तेल विरघळून लेन्सच्या मधल्या भिंगांवर जाऊन बसतं. लेन्सच्या आत बुरशीची जाळी असेल तरी तेच. कडेला थोडी असेल तर फोटोत दिसतही नाही, पण कॅमेरा त्या चामड्याच्या केसमधून आजच बाहेर काढा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. चामडं ओल धरून ठेवतं.

मेकॅनिककडे जाताना ‘चालत नाही’ म्हणू नका. कागदावर लिहून द्या: हिरवा दिवा लागतो की नाही, अंगठा ठेवल्यावर दोन आवाज येतात की एक, टक् येतो की नाही. आणि त्याला विचारा, इलेक्ट्रोचा रबर बदललाय का कधी? ‘कुठला रबर?’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून कॅमेरा परत घ्या.

दुरुस्तीला वेळ लागणार असेल आणि रोल अर्धा उरला असेल तर बॅटरी काढून टाका. शटर १/५०० वर चालेल. स्वच्छ उन्हात १०० च्या रोलला एफ/८, २०० ला एफ/११, ४०० ला एफ/१६ लावा आणि दिवे पाहू नका.